नळपाणी योजनेतले धोके: क्रम लावताना कोणाकोणाला बसवायचं?

पंधराशे लोकवस्तीचं, तीनशे घरांचं गाव धरा. जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर, म्हणजे नळांतून 82,500 लिटर पाणी पोचायला हवं. गळती 15 टक्के धरली तर विहिरीतून रोज सुमारे 97,000 लिटर उपसावं लागतं. पंप तासाला 15,000 लिटर उचलत असेल तर साडेसहा तासांत काम होतं. कागदावर योजना बसली.

आता या योजनेला सगळ्यात मोठा धोका कशाचा, असं गावात तिघांना विचारा. शाखा अभियंता सांगतील, टाकीच्या जागेचं दानपत्र अजून नोंदलेलं नाही. पाणी सोडणारा माणूस सांगेल, लाइटीचा भरवसा नाही. विहिरीवरून हंडे वाहिलेल्या बाया सांगतील, शिमगा झाला की विहीर तळ गाठते. तिघंही बरोबर आहेत, आणि धोक्यांचा क्रम एकाच टेबलावर बसून का लावता येत नाही, याचं उत्तर त्यातच आहे.

हिशेब करून बघू. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी 1 सेंटिमीटर चढलं की सुमारे 283 लिटरची भर पडते. जानेवारीत उपसा थांबवल्यावर तासाला 18 सेंटिमीटर पाणी चढत असेल तर आवक 5,000 लिटरच्या आसपास, म्हणजे दिवसरात्र मिळून 1,20,000 लिटर. पाणी भरपूर आहे. अडतं ते विजेपाशी, कारण थ्री-फेज साडेतीन तासच टिकली तर टाकीत फक्त 52,500 लिटर चढतात. मे महिन्यात तीच विहीर तासाला 7 सेंटिमीटर चढते. आवक 2,000 लिटर, दिवसाला 48,000. गळती वजा जाता माणशी 27 लिटर. तेव्हा वीज चोवीस तास दिली तरी उपयोग नाही. म्हणजे हिवाळ्यात नळवाल्याचं म्हणणं खरं ठरतं, उन्हाळ्यात बायांचं. अभियंत्यांचं म्हणणं तर योजना उभी राहण्याआधीचं आहे.

हे मोजायला टेप आणि घड्याळ पुरतं. पाणी खाली गेल्यावर, उपसा थांबल्यापासून पहिले दोन-तीन तास दर तासाला पातळी लिहायची. बैठकीआधी हे झालेलं असावं, म्हणजे बोलणं अंदाजावर राहत नाही.

चिठ्ठीवर काय लिहायचं

‘पाणी कमी पडेल’, ‘निधी नाही’, ‘राजकारण’ ही धोक्याची नावं नव्हेत, ती तक्रारीची डोकी आहेत. त्यांना गुण देता येत नाहीत. एका चिठ्ठीवर एकच धोका लिहायचा, आणि लिहिताना तीन गोष्टी एका वाक्यात याव्यात: कशामुळे, काय होईल, कोणाला किती भोगावं लागेल. उदाहरणार्थ: ‘विहिरीपासून दोनशे मीटरवर नवी बोअर पडली तर उन्हाळ्यात आवक घटेल आणि सगळ्या गावाला दिवसाआड पाणी येईल.’ असं लिहिलं की वाट आपोआप दिसते. महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून (म्हणजे पाणी जिथून घेतलं जातं त्या विहिरी-बोअरपासून) 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही. हा नियम 1993 च्या भूजल कायद्यापासून आहे. नियम आहे म्हणून बोअर पडत नाही असं नाही, पण निदान बोलायला आधार मिळतो.

चिठ्ठ्या दहा-बारा. त्यापेक्षा जास्त झाल्या तर शेवटच्या पाच कोणी वाचतच नाही. दर चिठ्ठीवर साधं चित्र काढा, विहीर, खांब, टाकी, तोटी, पावती, म्हणजे वाचता न येणारी माणसंही बरोबरीने खेळात राहतात. बहुतेक गावांत या चिठ्ठ्या निघतातच: उन्हाळ्यात आटणारा उद्भव, शेजारची नवी बोअर, थ्री-फेजचे तास, पंप जळणं, टाकीची किंवा विहिरीची जागा, रस्ता वा वनजमीन ओलांडायची परवानगी, शेवटच्या वस्तीला न मिळणारा दाब, पावसाळ्यातलं गढूळ किंवा दूषित पाणी, ठेकेदाराचं रखडलेलं काम, न भरली जाणारी पाणीपट्टी, आणि पाणी सोडणारा माणूसच सोडून जाणं. हा शेवटचा मुद्दा सरकारी कागदात सहसा नसतो. व्हॉल्व्ह कुठे गाडलाय, कोणत्या गल्लीला किती फेरे द्यायचे, हे एकाच डोक्यात असतं आणि त्या डोक्याला महिन्याचा पगार वेळेवर मिळत नाही. माझ्या मते ही चिठ्ठी प्रत्येक गावात हवी.

कोण, आणि कोणाबरोबर नको

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा महिलांच्या असतात, म्हणून समितीची बैठक घेतली की सगळ्यांचं ऐकलं असं समजलं जातं. तसं होत नाही. नाव पत्नीचं आणि खुर्चीत नवरा, हे अनेक समित्यांत चालतं. आणि समिती खरीखुरी असली तरी एका खोलीत सरपंच, ठेकेदार, अभियंता आणि वाडीवरची बाई बसली की चौथी व्यक्ती बोलत नाही.

म्हणून आधी वेगवेगळ्या बैठका घ्याव्यात. एका गटात आठ ते बारा माणसं, दीड तास. हंडे वाहणाऱ्या बाया. शेवटच्या वस्तीतली घरं, तिथल्या स्त्री-पुरुषांसह. विहिरीच्या आजूबाजूचे बागायतदार. पाणीपुरवठा कर्मचारी, शेजारच्या एक-दोन गावांतल्या नळवाल्यांना सोबत घेऊन, कारण एकट्याला बोलणं जड जातं. आशा, अंगणवाडी सेविका, आरोग्यसेवक आणि शाळेचे मुख्याध्यापक असा एक गट. शाखा अभियंता, ग्रामपंचायत अधिकारी (लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच) आणि ठेकेदार असा शेवटचा. हा गट शेवटी ठेवायचं कारण आहे. तो आधी बसला तर त्याची यादी पुढच्या सगळ्या बैठकांत ‘साहेबांनी सांगितलेली’ म्हणून फिरते.

बैठकीची जागा आणि वेळ हा बारीक मुद्दा नाही. दलित वस्ती बऱ्याच गावांत उतरणीला, गावाबाहेर, नळाच्या शेवटच्या टोकाला असते. तिथल्या लोकांना देवळाच्या सभामंडपात बोलावलं तर येतील ते मोजके, बोलतील त्याहून मोजके. त्यांच्या समाजमंदिरात किंवा अंगणवाडीत जाऊन बसा. बायांची बैठक सकाळी नको, संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला नको. दुपारी दोन ते साडेतीन जमतं, पण कांदा काढणी किंवा भातलावणी चालू असेल तर रात्री जेवणं उरकल्यावर. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीनंतर गावात नसतात आणि परततात नेमकी टंचाईत. त्यांना विचारायचं तर मार्च-एप्रिललाच.

महिना निवडताना सगळ्यात मोठी चूक होते. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विहिरी तुडुंब असतात. तेव्हा उद्भव आटण्याच्या धोक्याला कोणी वरचा क्रमांक देत नाही, गढूळ पाण्याला देतात. 1 मे रोजी उलट. कोकणात तर हा फरक टोकाचा आहे. पाऊस तीन हजार मिलिमीटर पडतो आणि जांभ्यातून झिरपून निघून जातो, एप्रिलमध्ये विहीर कोरडी. म्हणून क्रम एकदाच लावायचा असेल तर एप्रिल-मे निवडा, दोनदा जमलं तर दुसरी फेरी ऑगस्टला. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोणता धोका कायमचा आणि कोणता हंगामी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

चिंचोके

गुण द्यायची पद्धत जितकी साधी तितकी बरी. प्रत्येकाला दहा चिंचोके द्यायचे. एका चिठ्ठीवर चारपेक्षा जास्त ठेवता येणार नाहीत, नाहीतर काही जण दहाच्या दहा आपल्या दारासमोरच्या पाइपावर ठेवतात. चिठ्ठीशेजारी वाटी ठेवा आणि वाटीवर झाकण. उघड्यावर ठेवलं तर पहिल्या माणसाचे चिंचोके बघून पुढचे दहा जण तिथेच टाकतात, आणि पहिला माणूस बहुधा पाटील नाहीतर माजी सरपंच असतो.

दोन फेऱ्या वेगळ्या घ्यायच्या, आणि इथे घाई करू नये. पहिली फेरी ‘हे किती वेळा घडतं’ याची. ‘शक्यता किती’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. ‘गेल्या दहा उन्हाळ्यांत किती वेळा टँकर लागला’, ‘गेल्या दोन वर्षांत मोटार किती वेळा जळाली’ असं विचारलं की लोक लग्नं, बाळंतपणं, निवडणुका आठवून वर्षं नेमकी सांगतात. दुसरी फेरी ‘घडलं तर किती भोगावं लागतं’ याची. दोन्ही एकत्र विचारलं तर सगळ्यात भीतिदायक गोष्ट वर येते, मग ती तीस वर्षांत एकदा घडलेली का असेना.

आता कोणाचं म्हणणं कशात जास्त धरायचं? किती वेळा घडतं, यात जो ते हाताने हाताळतो त्याचं: विजेबद्दल नळवाला, आवकीबद्दल शेजारचे शेतकरी, परवानग्यांबद्दल अभियंता. किती भोगावं लागतं, यात ज्याच्या अंगावर येतं त्याचं. पंप बंद पडला तर काय होतं हे अभियंत्यांना माहीत असतं, पण दोन किलोमीटरवरून हंडा आणताना कोणाची मुलगी शाळा बुडवते हे त्या गटालाच माहीत.

परिणाम मोजायला एक हिशेब फार कामाचा आहे. त्याला घरदिवस म्हणू: किती घरांना किती दिवस पाणी मिळालं नाही. उद्भव आटला तर 300 घरं, 70 दिवस, म्हणजे 21,000 घरदिवस. दहा वर्षांत चार वेळा घडत असेल तर वर्षाला सरासरी 8,400. पंप जळाला तर 300 घरं, 10 दिवस, दोन वर्षांतून एकदा. वर्षाला 1,500. आणि शेवटच्या वस्तीच्या 40 घरांना दाब न मिळणं, वर्षातले 300 दिवस, दरवर्षी. 12,000. तीनशे घरांच्या ग्रामसभेत हात वर करून मत घेतलं असतं तर या चाळीस घरांचा धोका तळाला गेला असता. घरदिवसांत तो सगळ्यात वर येतो. माणसं मोजून क्रम लावला की थोड्यांचं रोजचं दुःख हरवतं, म्हणून हा हिशेब फळ्यावर सगळ्यांसमोर मांडावा.

या मोजमापात न बसणारा एक धोका आहे, दूषित पाणी. जुलाबाची साथ घरदिवसांत मांडता येत नाही आणि मांडूही नये. ज्या धोक्याने माणूस दगावू शकतो तो चिंचोक्यांच्या खेळाबाहेर ठेवून थेट यादीच्या डोक्यावर लिहायचा. त्याचं काम ठरलेलं असतं: 50,000 लिटरच्या टाकीला हजारी 5 ग्रॅम या मापाने दर भरणीला 250 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), आणि शेवटच्या तोटीवर तपासणी. तिथे लिटरला 0.2 मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलेला दिसला पाहिजे. टाकीजवळच्या तोटीवर तपासून समाधान मानलं जातं, तिथे क्लोरीन असणारच. टीसीएलची पिशवी उघडी, ओलीत पडलेली असेल तर मापाने टाकूनही उपयोग होत नाही, क्लोरीन उडून गेलेला असतो. नायट्रेट टीसीएलने जात नाही. ते लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर असेल तर उद्भवाचाच विचार बदलावा लागतो, आणि म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल क्रम लावण्याआधी हातात हवा.

सरासरी काढू नका

सगळ्या गटांचे कागद आले की हात आपोआप बेरजेकडे जातो. तो आवरा. चिंचोक्यांवरून दर गटाचे एक ते पाच असे गुण काढले आणि विजेच्या धोक्याला पाचपैकी अभियंत्यांनी 2, नळवाल्यांनी 5, बायांनी 4 दिले असतील तर सरासरी पावणेचारच्या जवळ जाते आणि एक महत्त्वाची बातमी त्यात बुडते. अभियंते अंदाजपत्रकात धरलेले तास बघत होते. नळवाला शेतीच्या फिडरवरच्या (शेतीला वीज देणाऱ्या वाहिनीवरच्या) जोडणीला थ्री-फेज प्रत्यक्षात किती तास टिकते ते बघत होता. दोन्ही आकडे खरे, वस्तू वेगळ्या. ही तफावत दिसली की पुढचा प्रश्न सुचतो: पाणीपुरवठ्याची स्वतंत्र जोडणी गावठाणाच्या फिडरवरून घेता येईल का, आणि ती अंदाजपत्रकात धरली आहे का? काम सुरू झाल्यावर हा प्रश्न विचारला तर पैसे कुठून आणायचे यावर सहा महिने जातात.

म्हणून नियम असा: दोन गटांत दोन किंवा जास्त गुणांचा फरक असेल तिथे थांबायचं आणि दोन्ही गटांतला एकेक माणूस समोरासमोर बसवून ‘तुम्ही काय बघून हा आकडा दिला’ एवढंच विचारायचं. आकडा बदलायचा आग्रह नको. फरक मिटला नाही तरी चालेल, कागदावर दोन्ही आकडे राहू द्या.

काही चिठ्ठ्यांत माणूस लपलेला असतो. ‘शेजारची बोअर’ म्हटलं की सगळ्यांना ठाऊक असतं ती कोणाची. उघड बैठकीत ती चिठ्ठी रिकामी राहते आणि झाकलेल्या वाटीत भरते. तिथे नाव न घेता हिशेबावर बोलावं: आवक किती, शेतीचा उपसा किती, मे अखेर काय उरतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून पिकं ठरतात. शेतीसाठी बोअर घेण्यावर गावानेच बंदी घातलेली आहे. एकदम तिथवर पोचणं प्रत्येक गावाला जमणार नाही, पण बागायतदारांना आरोपी न करता हिशेबात बसवणं कुठेही जमतं. त्यांचा गट वेगळा घ्यायचा तो याचसाठी. उन्हाळ्यात दोन महिने बोअर बंद ठेवली तर बदल्यात काय, हा प्रश्न तेच विचारू शकतात आणि बहुतेकदा उत्तरही तेच सुचवतात.

वेळ टळणारे धोके

गुण लावून झाले तरी क्रम पक्का होत नाही. एक कसोटी उरते: हात घालायची संधी कधी संपते? टाकीच्या जागेच्या धोक्याला चिंचोके कमी पडतात, लोकांना तो कागदी वाटतो. पण कार्यादेश निघाल्यावर जागामालकाचा मुलगा ‘आम्ही सही केलीच नव्हती’ म्हणाला की काम जागच्या जागी थांबतं. साध्या संमतीपत्रावर भागवू नका. बक्षीसपत्र नोंदवून सातबाऱ्यावर फेरफार झाला पाहिजे, आणि त्यावर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या हव्यात. मुंबईला असलेल्या भावाची आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीचीसुद्धा. पाइप वनजमिनीतून जात असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्यातल्या कलम 3(2) खाली पिण्याच्या पाण्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते, पण त्या ठरावाला वेळ लागतो. अशा चिठ्ठ्यांवर लाल ठिपका द्या. त्या गुणांनी खाली असल्या तरी आधी हातात घ्यायच्या.

दाबाचंही तसंच आहे. पाइप गाडायच्या आधी वस्तीच्या उंचीचा लेव्हल घेतला तर टाकीची जागा किंवा पाइपाचा व्यास बदलता येतो. दाबमापकावरचा 1 किलो म्हणजे पाण्याचा सुमारे 10 मीटर उंचीचा स्तंभ. वस्ती चढावर असेल तर हे मीटर कुठे खर्च होतात ते लोकांना नकाशावर दाखवा, त्यांना लगेच कळतं. पाइप बुजल्यावर उरतो तो व्हॉल्व्ह फिरवायचा वाद, आणि मधली घरं लाइनला थेट मोटार लावायला लागतात, म्हणजे शेवटच्यांचं उरलंसुरलं पाणीही जातं. मग ती चाळीस घरं पाणीपट्टी देणं थांबवतात. पाणीपट्टी घटली की वीजबिल थकतं, बिल थकलं की जोडणी तुटते आणि सगळंच गाव कोरडं. चिठ्ठ्या भिंतीवर लावून त्यांच्यामध्ये दोरा बांधला की ही साखळी डोळ्यांना दिसते. ज्या चिठ्ठीतून सगळ्यात जास्त दोरे निघतात तिला चिंचोके कमी असले तरी वर न्या.

सगळे गट झाल्यावर ग्रामसभा. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहेच. तिच्यात बायांच्या गटाचा क्रम वाचून दाखवा आणि तो ठरावात येऊ द्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो कोणी बाजूला सारत नाही. ग्रामसभेत नव्याने मतदान नको. सगळ्या गटांचे कागद शेजारी-शेजारी लावून पहिले पाच धोके वाचा, मतभेद आहेत तिथे दोन्ही आकडे वाचा, आणि प्रत्येकापुढे चार रकाने भरून घ्या: काय करायचं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि धोका जवळ आल्याची खूण कोणती. ‘कोण’ या रकान्यात ‘ग्रामपंचायत’ लिहू देऊ नका, माणसाचं नाव हवं. खूणही मोजता येणारी हवी. ‘पाणी खाली गेलं की’ नाही, तर ‘फुटव्हॉल्व्हच्या (पंपाच्या पाइपाच्या तळाशी असलेल्या झडपेच्या) वर दोन मीटर पाणी उरलं की दिवसाआड पाणी सुरू’. त्या उंचीवर विहिरीच्या आतल्या बाजूला लाल रंगाचा पट्टा मारा. पाणी शेंदायला आलेल्या कोणालाही तो दिसतो.

तक्ता ग्रामपंचायतीच्या फायलीत न ठेवता शाळेच्या किंवा दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लावा. ऑक्टोबरात विहीर भरलेली असताना एकदा, फेब्रुवारीत एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा तो पुन्हा काढायचा. धोका खरंच घडला तर त्या चिठ्ठीच्या मागे तारीख, किती घरं आणि किती दिवस एवढं लिहायचं. पुढच्या वर्षी ‘हे किती वेळा घडतं’ ही फेरी घेताना चिठ्ठ्या उलट्या करून वाचल्या की अर्धे चिंचोके त्यावरच ठरतात.